आठवा नंबर

सह्याद्रीतली ती घळ आता सगळ्यांना ठाऊक आहे. हिवाळ्यातल्या कुठल्याही रविवारी तिथे एवढी गर्दी असते की पुढच्याचा फोटो काढून होईपर्यंत मागच्याने थंड पाण्यात उभं राहायचं. दोन्ही बाजूंना सरळसोट कातळ, वर आभाळाची बारीक पट्टी, एका ठिकाणी दोर लावून उतरायचं, आणि मग डाव्या हाताला चढणारी मळलेली वाट धरून खालच्या गावात पिठलं-भाकरी खायला जायचं. बहुतेकांची घळ तिथेच संपते. ओढा मात्र संपत नाही. तो उजवीकडे वळतो आणि घराएवढ्या धोंड्यांमध्ये गडप होतो.

त्या ओढ्याचं पुढे काय होतं हे आम्हाला बघायचं होतं. आम्हाला म्हणजे मला. मी अंधेरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात नकाशे काढतो. आठवडाभर दुसऱ्यांनी ठरवलेल्या रेषा गिरवणाऱ्या माणसाला नकाशात नसलेल्या जागेचं वेड लागलं तर नवल नाही. मी उपग्रहाच्या फोटोंवर तासन् तास तो ओढा शोधायचो. झाडीत शिरून तो दिसेनासा व्हायचा आणि बरंच खाली एका बंधाऱ्यापाशी पुन्हा उगवायचा. मधला तुकडा माझा आहे, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

आमचा ग्रुप मुलुंडचा. म्होरकी ताई. ती नात्याने कुणाचीच ताई नव्हती, पण पन्नाशी ओलांडलेली ही शाळामास्तरीण आम्हा सगळ्यांवर मोठ्या बहिणीसारखी डाफरायची, म्हणून ताई. तिचे दोन नियम होते. पहिला, दुपारी दोनला ठरलेल्या खुणेच्या पलीकडे पोचलो नसलो तर निमूट परत फिरायचं. दुसरा, नंबर. निघतानाच प्रत्येकाला नंबर मिळायचा. ताई शिट्टी मारून "मोजा!" म्हणाली की पुढून मागे एकेकाने आपला नंबर ओरडायचा. एखादा आला नाही तर सगळी रांग जागच्या जागी थांबणार, तो माणूस दिसेपर्यंत. मग त्याची आणि त्याच्या पुढच्याची अशी काही खरडपट्टी निघायची की पुन्हा कुणी मागे रेंगाळायचं नाही.

त्या ओढ्यावर आम्ही दोनदा हरलो होतो. पहिल्या खेपेला दोन वाजले तेव्हा आम्ही धोंड्यांमध्येच अडकलेलो होतो. दुसऱ्या खेपेला वाटेवरच्या कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं आणि आम्ही तोंडातून अवाक्षर न काढता पाऊल पाऊल मागे आलो. दोन्ही वेळा परतताना मी ताईशी तुसडेपणाने बोललो होतो. तिने ते मनावर घेतलं नाही.

तिसऱ्या खेपेला आम्ही आठ जण होतो, अधिक ताई. माझा नंबर सात. आठवा माझा मित्र. आमची दोस्ती कॉलेजपासूनची. मूळचा मालवणचा, राहायला भांडुपला, आवाज कायम घसा बसल्यासारखा. कॉलेजात आम्ही दोघांनी एकमेकांच्या प्रॉक्सी दिल्या त्यांची मोजदाद नाही. तो कँटीनमध्ये असला की त्याच्या रोल नंबरला मी घोगऱ्या आवाजात "प्रेझेंट सर" म्हणायचो, मी नसलो की तो माझा आवाज काढायचा. वर्गातल्या पोरांनासुद्धा कळायचं नाही. या कौशल्याचा आम्हाला केवढा अभिमान! लग्नाच्या पंगतीतसुद्धा आम्ही ते करून दाखवायचो.

त्या दिवशीची खूण होती मोठा डोह. दोनच्या आत डोह ओलांडला तर पुढे बंधाऱ्याकडे जायचं, नाहीतर परत. घळीची गर्दी मागे टाकून ओढ्याबरोबर उजवीकडे वळलो तसे माणसांचे आवाज बंद झाले. इथे वाट नावाची गोष्टच नव्हती. एका धोंड्यावरून दुसऱ्यावर बसून घसरायचं, मधल्या फटीत पाय जाणार नाही ना बघायचं, करवंदीच्या जाळीतून सॅक ओढून काढायची. कातळात जागोजागी रांजणासारखे खोल खळगे, गुळगुळीत आणि शेवाळलेले. डोहाच्या अलीकडे ओढ्याला दोन फाटे फुटतात. उजवा फाटा डोहात उतरतो, डावा एका कोरड्या खबदाडात जाऊन संपतो. हा डावा फाटा पहिल्यांदा मीच शोधून काढला म्हणून मी भलताच खूश होतो.

त्या फाट्याच्या बराच वर मित्राच्या बुटाचा तळ सुटला. पुढून तोंड वासलेला तो बूट बघून आम्ही दोघे हसलो. तो खाली बसला, सुतळी काढली आणि म्हणाला, "तू हो पुढे. मी बांधून आलोच."

"लवकर ये रे. दोन वाजतील."

"येतंय रे मेल्या. तुझो ओढो खंय पळान जावचो नाय."

मी पुढे झालो. डोहापाशी पोचलो तेव्हा पुढचे लोक एका वळणाआड पाण्यात उतरायच्या तयारीत होते, मला दिसत नव्हते. पावणेदोन झाले होते. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि ताईचा आवाज आला. "मोजा!"

एक, दोन, तीन. कातळांमध्ये आवाज घुमत येत होते. सहा आला. मी सात म्हणालो. मग नुसतं पाणी वाहत राहिलं. मी मागे बघितलं. कुणी नव्हतं. आणि मी घसा जरा आवळून, तोंडाला हात लावून, ओरडलो. "आठ!"

"झालं. चला!" ताई म्हणाली.

सवयीने तोंडातून निघून गेलं, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. मी घड्याळ बघितलं होतं. तो यायला दहा-पंधरा मिनिटं लागणार, मग आठ जणांना डोह ओलांडायला वेळ लागणार, दोन वाजणार आणि ताई परत फिरवणार, हा सगळा हिशोब मी सहा आणि सातच्या मधे पुरा केला होता. तो येईलच मागून, असं वाटलं होतं हेही खरं. पण आधी मला ओढा हवा होता.

डोह छातीएवढा, पाणी अंगात सुया टोचल्यासारखं गार. दोनला दोन मिनिटं असताना मी पलीकडे पोचलो आणि पुढच्या वळणावरून ताईने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. मी मागे वळून पाहत राहिलो. तो दिसेना. येईल, म्हटलं. पुढे चाललो. पुढचा टप्पा सुंदर होता, असं म्हणवत नाही, पण होता. अर्ध्या-पाऊण तासाने एका जांभळीच्या सावलीत ताईने पुन्हा शिट्टी मारली. सातनंतर कुणीच बोललं नाही.

"आठ?" ताईने पुन्हा विचारलं. मग ती धोंड्यांवरून चढत माझ्यापर्यंत आली. "डोहापाशी तर आठ आला होता. मी ऐकला. तू त्याच्या पुढचा. तुला आला ना ऐकू?"

हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. बाकीचे सहाही जण माझ्याकडे बघत होते.

"नीट नाही सांगता येत," मी म्हणालो. "माझं लक्ष नव्हतं."

बाकीच्यांनाही सांगता येईना. आपला नंबर दिला की माणूस पुढचं ऐकत नाही. तो बुटाची नाडी बांधतो, पाणी पितो. एक जण म्हणाला, आला असावा. दुसरा म्हणाला, ताई चला म्हणाली म्हणून आम्ही चाललो. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. डोहाच्या अलीकडे माणूस होता, पलीकडे नाही, म्हणजे तो डोहातच असणार. तिच्या जागी कुणीही हेच म्हटलं असतं.

आम्ही धावत, धडपडत परत डोहावर आलो आणि ताईने सॅक फेकून पाण्यात बुडी मारली. वर आली, श्वास घेतला, पुन्हा बुडी. दोघे जण कडेच्या कपारी चाचपत होते. मी दोराचं टोक धरून काठावर उभा होतो. तो तिथे नाही, हे त्या सगळ्यांमध्ये एकट्या मला माहीत होतं. ताई वर यायची, ओठ निळे पडलेले, केस डोळ्यांवर चिकटलेले, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून मान हलवायची, नाही. मी पण मान हलवायचो. असं किती वेळा झालं ते मला आठवतं, पण इथे लिहायची हिंमत नाही.

शेवटी मी म्हणालो, "कदाचित मागेच राहिला असेल. मी वर जाऊन बघतो." जणू काही हे मला आत्ताच सुचलं.

तो डाव्या फाट्यात होता. मागून एकटा आल्यावर त्याला वाट कळली नाही. खबदाडाच्या तोंडाशी एका खळग्यात घसरला होता. घोटा सुजून भोपळा झालेला, कमरेएवढं पाणी, भिंती शेवाळलेल्या, हात टेकायला जागा नाही. दोन तास तो हाका मारत होता. मला बघून त्याला रडू फुटलं आणि मग शिव्या फुटल्या. मी दोर सोडून त्याला वर ओढलं आणि तिथेच, तो दगडावर धापा टाकत असताना, सांगून टाकलं. "मी तुझा नंबर दिला."

तो आधी हसला. आमची जुनी खोडी म्हणून हसला.

"खाली सांगू नकोस," मी म्हणालो.

मग तो हसायचा थांबला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. डोहापाशी आल्यावर ताईने त्याला घट्ट धरलं, तिचे दात वाजत होते, आणि तिने विचारलं, "तू इथे नंबर दिलास ना रे?"

"नाही, ताई. मी वरच होतो. बूट बांधत होतो." त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

बंधारा राहिला. त्याला आधार देत आम्ही उलटे वर आलो, अंधार पडायच्या आत मळलेल्या वाटेला लागलो. वाटेत सगळे माझी पाठ थोपटत होते. तुझ्या डोक्यात आलं म्हणून सापडला यार, नाहीतर वाट लागली होती. मी ऐकून घेतलं.

पुढच्या रविवारी मुलुंडच्या बागेत, जिथे आमच्या बैठका व्हायच्या, तिथे ताईने पिशवीतून शिट्टी काढून माझ्या हातात ठेवली. "न आलेला नंबर मी ऐकला," ती म्हणाली. "ज्याला नसलेला नंबर ऐकू येतो त्याने माणसं न्यायची नाहीत. यापुढे तू ने." कुणीतरी म्हणालं, असू दे गं ताई, होतं असं वयानुसार. त्या माणसाला फाडून खावं असा राग मला आला, आणि शिट्टी मी खिशात घातली.

महिन्याभराने तिचा फोन आला. कान तपासायला घाटकोपरला जायचंय, बरोबर येशील का? घरी सांगितलं तर नवरा आणि मुलगा ट्रेकच बंद करतील. तुझ्यावर माझा विश्वास आहे. गेलो. काचेच्या छोट्या खोलीत कानांवर मोठाले हेडफोन लावून ती बसली होती, हातात बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. शाळेत मुलांच्या परीक्षा घेणारी ही बाई डोळे गच्च मिटून, ओठ दाबून, आवाजाची वाट बघत होती. मी बाहेर खुर्चीवर बसून ते बघत होतो. तपासणारी मुलगी हसत बाहेर आली. "कान एकदम झकास आहेत काकूंचे. टेन्शन घेऊ नका."

मला वाटलं, सुटलो. ताईला घेऊन रस्त्यावर आलो. उसाचा रस घेतला, तो तिने अर्धाच प्यायला.

"कान चांगलेत, हे वाईट झालं रे," ती म्हणाली. "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. नसलेल्या हाका ऐकू यायच्या तिला. दार उघडून बघायची, कोण आलं म्हणून. शेवटी शेवटी मला ओळखेनाशी झाली." तिने ग्लास गाड्यावर ठेवला. "मी आठ ऐकला होता. अगदी त्याच्या आवाजात. आजही ऐकू येतो तसाच."

मी गप्प बसलो. याहून वाईट काही मी आयुष्यात केलेलं नाही. डोहापाशी निदान घाई होती, भीती होती. इथे भर दुपार होती, हातात रसाचा ग्लास होता, आणि एक शहाणी बाई माझ्यामुळे स्वतःला वेडी समजत होती. मी तिला रिक्षात बसवून दिलं आणि म्हणालो, "काही नाही होत ताई, नको विचार करूस."

मित्राला हे सांगितलं. त्याचा घोटा अजून पुरता बरा झाला नव्हता, लंगडत दार उघडायला आला होता. ऐकून तो म्हणाला, "कॉलेजात आपण हसण्यासाठी करायचो. मी इतके दिवस तोंड बंद ठेवलं, ती तुझी प्रॉक्सीच होती. आता बंद. तू सांगणार की मी सांगू?"

"मी सांगतो."

सांगतो म्हणूनही मी तीन आठवडे काढले. मग ताईचाच फोन आला. अंधेरीला मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली होती. तिथे बसायच्या जागेत तिला एक फॉर्म दिला. ती शाळेतल्यासारख्या वळणदार अक्षरात भरत होती. घरात कुणाला असा त्रास होता का? आईला. तुम्हाला काय त्रास होतो? तिथे तिचं पेन थांबलं. तिने लिहिलं, 'नसलेला आवाज ऐकू आला. एकदा.' मग 'एकदा'च्या खाली रेघ मारली.

मी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. घसा आवळला आणि हळू आवाजात म्हणालो, "आठ."

तिने माझ्याकडे बघितलं. शेजारी बसलेल्या आजींनीही बघितलं.

"मी दिला होता, ताई. तो वर होता. दोन वाजत आले होते."

ती कितीतरी वेळ फॉर्मकडे बघत राहिली. मला वाटलं, कानाखाली वाजवेल. वाजवली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, "मी बुड्या मारत होते तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तिथे, घाटकोपरला?"

"हो."

तिने फॉर्मची नीट चौकोनी घडी घातली, पर्समध्ये ठेवली, खिडकीतल्या बाईला सांगितलं की नको आता, आणि जिना उतरून गेली. मागून चालत मी मेट्रोपर्यंत गेलो. तिने वळून पाहिलं नाही. शिट्टी मी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी, तिच्या नवऱ्याच्या हातात देऊन आलो. ग्रुपला सगळं लिहून कळवलं. बरेच जण माझ्याशी बोलायचे बंद झाले, ते योग्यच होतं.

पुढच्या हिवाळ्यात ताईने यादी लावली. जागा तीच, ओढा. मी नाव द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तिचा दोन शब्दांचा निरोप आला, "सात. ये."

त्या खेपेला आम्ही बंधाऱ्यापर्यंत गेलो. ज्याच्यासाठी मी एवढं सगळं केलं ते टोक म्हणजे एक सिमेंटची भिंत, कपडे धुणाऱ्या दोन बायका आणि त्यांच्या गावात जाणारी चांगली रुंद पायवाट. तुम्ही वरून आलात? त्यांनी विचारलं. आमचे लोक येतात की तिकडून खेकडे धरायला.

ताई हल्ली मोजताना ओरडायला लावत नाही. रांग थांबवते आणि स्वतः पुढून मागे येते. एकेकाच्या खांद्यावर हात ठेवते, तो आपला नंबर सांगतो, ती पुढे सरकते. त्या दिवशीही मोठ्या डोहापाशी ती तशीच आली. सहाच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा तिचे दोन्ही हात सॅकच्या पट्ट्यांवर होते. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, शाळेत कॉपी पकडलेल्या मुलाकडे बघावं तशी, रागाने नाही, नुसतं लक्ष देऊन. मी म्हणालो, "सात." ती माझ्या ओठांकडे आणखी थोडा वेळ बघत राहिली, ते मिटलेत याची खात्री होईपर्यंत. मग माझ्या मागे गेली, माझ्या मित्राच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याचा घोगरा आवाज मला पाठीमागून ऐकू आला.